आधी पोट कमी करू, मग वजन उचलू? क्रम उलटा करा

जिममध्ये नाव घालायला आलेल्या बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: "आधी हे पोट जरा कमी करतो, मग वजन उचलायला लागतो." मग दीड-दोन महिने नुसतं ट्रेडमिलवर चालणं, भात बंद, रात्री वाटीभर सूप. काट्यावर तीन-चार किलो कमी दिसतात, शर्ट खांद्यात सैल होतो आणि पोट मात्र जवळपास जिथल्या तिथे. पुढे लग्नसराई किंवा दिवाळी आली की गेलेलं वजन परत येतं, आणि परत येताना ते मुख्यतः चरबीच्या रूपात येतं. म्हणजे स्नायू गेले, चरबी राहिली.

नवख्या माणसाला चरबी घटवणं आणि स्नायू वाढवणं ही दोन्ही कामं एकाच वेळी साधतात. ज्याने कधी वजन उचललेलं नाही, त्याचं शरीर थोड्या ताणालाही भरभरून प्रतिसाद देतं. वर्षानुवर्षं व्यायाम करणाऱ्याला हे सहज जमत नाही. तेव्हा सुरुवातीचे महिने नुसतं चालण्यात आणि उपाशी राहण्यात घालवू नका. पहिल्या आठवड्यापासून वजन उचला.

आपल्याकडच्या माणसांना तर याची जास्तच गरज आहे. २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि ब्रिटनमधले डॉ. जॉन यूडकिन यांची तुलना छापून आली होती. दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा) अगदी एक, २२.३. पण शरीरातली चरबी मोजली तर यूडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. हातपाय बारीक, काट्यावर वजन 'नॉर्मल', आणि चरबी मात्र पोटाशी साठलेली, ही आपल्याकडची फार नेहमीची ठेवण आहे. अशा माणसाने नुसतं वजन कमी करून काय मिळवायचं? त्याच्याकडे कमी आहेत ते स्नायू.

पहिली पायरी: डॉक्टर, टेप आणि वही

वय चाळिशीपुढे असेल, बीपी, मधुमेह, हृदयाचा त्रास, हर्निया किंवा पाठीचं जुनं दुखणं असेल, किंवा बाळंतपणाला काहीच महिने झाले असतील, तर आधी डॉक्टरांना भेटा आणि "वजन उचलण्याचा व्यायाम सुरू करतोय" असं स्पष्ट सांगा. इन्शुलिन किंवा मधुमेहाच्या काही गोळ्या चालू असतील तर व्यायामानंतर साखर एकदम उतरू शकते, त्यामुळे डोस बदलावा लागू शकतो. मूत्रपिंडाचा विकार असेल तर पुढे दिलेले प्रोटीनचे आकडे तुमच्यासाठी नाहीत, ते डॉक्टरच ठरवतील.

मग शिंप्याकडे असते तशी एक टेप घ्या. सकाळी पोट साफ झाल्यावर, चहाच्या आधी, बेंबीच्या पातळीवर कंबर मोजा. पोट आत ओढायचं नाही, श्वास सहज सोडून मोजायची. भारतीयांसाठी पुरुषांची कंबर ९० सेंटीमीटर आणि बायकांची ८० सेंटीमीटरच्या पुढे गेली की धोका वाढतो असं धरतात. हा आकडा दर रविवारी लिहा. वजन आठवड्यातून तीन-चारदा करून सरासरी काढा, कारण एका दिवसाचं वजन मीठ, पाणी, पाळी, रात्रीचं जेवण यांनी किलो-दीड किलो सहज इकडेतिकडे होतं. आरशापुढे समोरून आणि बाजूने एक-एक फोटो काढून ठेवा.

तिसरी वस्तू म्हणजे शंभर पानी वही. मोबाइलमध्ये लिहिलंत तरी चालेल, पण जिममध्ये मोबाइल हातात आला की दोन मिनिटांची विश्रांती दहा मिनिटांची होते. वही बरी.

दुसरी पायरी: पाच हालचाली शिका

शरीर ज्या ताकदीची कामं करतं ती ढोबळमानाने पाच आहेत: बसून उठणं, कमरेतून वाकून उचलणं, ढकलणं, ओढणं आणि ओझं घेऊन चालणं. सोमवारी छाती, मंगळवारी पाठ, बुधवारी बायसेप्स असं वेळापत्रक नवख्याला देतात, ते मला पटत नाही. त्यात प्रत्येक स्नायूची पाळी आठवड्यातून एकदाच येते, आणि एक दिवस बुडाला की तो स्नायू पंधरा दिवस तसाच राहतो. सुरुवातीला आठवड्यातून तीन दिवस, प्रत्येक वेळी सगळं शरीर. सोमवार, बुधवार, शुक्रवार. मधले दिवस विश्रांतीचे.

तालमीतल्या दंड-बैठकांचं मला मनापासून कौतुक आहे. दंड म्हणजे ढकलणं आणि बैठक म्हणजे बसून उठणं, दोन्ही अस्सल. पण त्यात ओढण्याचं काम नाही. तालमीत ते कुस्तीतून, दोरावर चढण्यातून, मल्लखांबातून होतं. घरी नुसत्या दंड-बैठका काढणाऱ्याचं ते राहून जातं आणि दिवसभर संगणकापुढे बसून आधीच पुढे आलेले खांदे आणखी पुढे येतात. म्हणून ओढण्याचा व्यायाम चुकवू नका.

बसून उठणं शिकायला मागे गुडघ्याच्या उंचीचं एक स्टूल ठेवा. पाय खांद्यांइतके फाकलेले, चवडे किंचित बाहेर. आठ-दहा किलोचं डंबेल उभं धरून दोन्ही तळव्यांत, छातीला चिकटवून घ्या. याला गॉब्लेट स्क्वॅट म्हणतात. श्वास घ्या, पोट घट्ट करा आणि हळूहळू स्टुलावर टेका, धपकन बसू नका. टेकल्याबरोबर टाचांवर भार ठेवून उठा, उठताना श्वास सोडा. गुडघे आत कोसळू देऊ नका, ते पायाच्या बोटांच्या दिशेनेच जायला हवेत. आठवडाभराने स्टूल काढून आणखी थोडं खाली जा. चवड्यांपुढे गुडघे गेले तर बिघडतं असं सांगणारे खूप भेटतील. टाच उचलली जात नसेल आणि दुखत नसेल, तर गुडघे थोडे पुढे गेलेले चालतात. भारतीय संडासावर बसणाऱ्या माणसाचे गुडघे रोजच पुढे जातात.

कमरेतून वाकणं बहुतेकांना चुकीचं येतं, कारण ते पाठीतून वाकतात. भिंतीकडे पाठ करून वीतभर अंतरावर उभे राहा. गुडघे जरासे सैल. आता पाठ सरळ ठेवून कुल्ले मागे ढकला आणि ते भिंतीला टेकवा. टेकले की परत सरळ. मग अर्धं पाऊल पुढे सरकून तेच. मांडीच्या मागच्या बाजूला ताण जाणवला की जमलं. कमरेत जाणवला तर पाठ गोल होतेय. हे दहा वेळा बिनचूक जमल्यावरच हातात डंबेल घ्या. हाच रोमानियन डेडलिफ्ट. घरात सिलिंडर, पिंप, तांदळाची गोणी उचलताना कंबर धरते, ती हीच हालचाल न आल्यामुळे.

बाकीचे व्यायाम सोपे आहेत, ट्रेनर दाखवेल. दोन वेळापत्रकं करा आणि आलटून पालटून वापरा.

पहिलं: गॉब्लेट स्क्वॅट, पुश-अप किंवा डंबेल बेंच प्रेस (बाकावर उताणं झोपून डंबेल वर ढकलणं), सीटेड केबल रो (बसून केबल पोटाकडे ओढणं), दोन्ही हातांत डंबेल घेऊन तीस-चाळीस पावलं चालणं.

दुसरं: रोमानियन डेडलिफ्ट, डंबेल शोल्डर प्रेस (डंबेल खांद्यापासून डोक्यावर ढकलणं), लॅट पुलडाऊन (बसून वरचा दांडा छातीकडे ओढणं), बाकावर एकेक पाय ठेवून चढणं-उतरणं, प्लँक (कोपर आणि चवड्यांवर अंग सरळ धरून ठेवणं).

आधी पाच मिनिटं भराभर चाला, मग प्रत्येक व्यायामाचा एक हलका सेट (न थांबता सलग काढलेली एक खेप) वॉर्मअप म्हणून. पुश-अप जमिनीवर निघत नसेल तर ओट्याला किंवा पलंगाच्या कडेला हात टेकून काढा, गुडघे टेकवण्यापेक्षा ते बरं. सगळं धरून पन्नास-पंचावन्न मिनिटांत आटोपतं.

जिम परवडत नसेल किंवा लांब असेल तरी अडत नाही. पाठीवरच्या सॅकमध्ये पुस्तकं किंवा तांदळाच्या पिशव्या भरा, पाच लिटरच्या तेलाच्या रिकाम्या डब्यात पाणी भरलं की पाच किलो झाले. ओढण्यासाठी एक जाड रबरी बँड खिडकीच्या मजबूत गजाला अडकवा. फक्त दरवाजाच्या कडीला अडकवू नका, ती निघाली तर तोंडावर बसते.

तिसरी पायरी: वजन वाढवत न्या

स्नायू वाढतात ते त्यांच्यावरचा भार वाढत गेला म्हणून. घाम किती आला, दुसऱ्या दिवशी अंग किती दुखलं, यावरून काही ठरत नाही.

पहिले दोन आठवडे प्रत्येक व्यायामाचे दोनच सेट, नंतर तीन. प्रत्येक सेटमध्ये ८ ते १२ रेप, म्हणजे तीच हालचाल तितक्या वेळा. वजन असं निवडा की सेट संपवताना "अजून दोन निघाले असते" असं वाटावं. दहा सहज निघू शकले असते तर ते वजन फार हलकं. सेटच्या मध्ये दोन मिनिटं बसा, घड्याळ लावून.

वहीत असं दिसेल: "गॉब्लेट स्क्वॅट, १० किलो: १०, ९, ८." पुढच्या खेपेला १०, १०, ९. असं करत तिन्ही सेट १२-१२ झाले की वजन वाढवा आणि पुन्हा ८ पासून सुरू करा. डंबेल सहसा अडीच किलोंच्या टप्प्यांत असतात. साडेसातवरून दहावर जाणं म्हणजे एका दमात तेहतीस टक्के वाढ, शोल्डर प्रेसला ती झेपत नाही. अशा वेळी साडेसातवरच तिन्ही सेट १५ पर्यंत न्या, मग दहा उचला.

पहिल्या महिन्यात आकडे झपाट्याने चढतील. तो अजून स्नायूंचा आकार नव्हे. मेंदू आणि नसा ती हालचाल शिकत असतात. आकार दिसायला दोन-तीन महिने लागतात. त्यामुळे तिसऱ्या आठवड्यात दंडाला टेप लावून हिरमुसू नका.

अंग दुखणं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सर्वांत जास्त असतं आणि आपोआप जातं. पण एक खूण लक्षात ठेवा. पहिल्याच दिवशी उत्साहात किंवा ट्रेनरच्या आग्रहाने शेकडो बैठका काढल्या आणि नंतर स्नायू सुजून प्रचंड दुखायला लागले, लघवी गडद तपकिरी व्हायला लागली, तर घरी थांबू नका, थेट दवाखाना गाठा. स्नायू फुटून त्यातली द्रव्यं मूत्रपिंडावर आली की असं होतं आणि ते जिवावर बेतू शकतं. पहिल्या दिवशी तुम्हाला लोळवणारा ट्रेनर चांगला नव्हे.

बायकांसाठी वेगळं वेळापत्रक नाही. हेच व्यायाम, हीच पद्धत. वजन उचललं की पुरुषी अंग होईल ही भीती काढून टाका. पुरुषांत जितकं टेस्टोस्टेरॉन असतं त्याचा अगदी छोटा अंश बायकांच्या शरीरात असतो, त्यामुळे तशी वाढ होत नाही. उलट पाळी गेल्यानंतर हाडं झपाट्याने विरळ होतात, तेव्हा त्यांना भार मिळणं फार मोलाचं. गुलाबी रंगाची एक किलोची डंबेल ठेवून द्या. दोन हातांत भाजीच्या पाच-पाच किलोंच्या पिशव्या घेऊन तीन जिने चढणाऱ्या बाईला ती काय पुरणार?

चौथी पायरी: स्वयंपाकघर

आधी प्रोटीन. साध्या तब्येतीसाठी आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) ठरवलेलं प्रमाण दर किलो वजनामागे ०.८३ ग्रॅम आहे. स्नायू बांधायचे तर १.४ ते १.६ ग्रॅम धरा, आणि वजन जास्त असेल तर आजच्या वजनाऐवजी जिथे पोचायचंय त्या वजनाने गुणा. ७८ किलोच्या माणसाला ६८ वर यायचं असेल, तर दिवसाला साधारण ९५ ते ११० ग्रॅम.

आता आपलं ताट बघा. बशीभर पोह्यांत चार-पाच ग्रॅम प्रोटीन. घरच्या पातळ वरणाच्या वाटीत डाळ तीसेक ग्रॅम, म्हणजे प्रोटीन सहा-सात ग्रॅम. गव्हाच्या एका पोळीत साडेतीन. भाजीत नावापुरतं. सकाळी पोहे, दुपारी तीन पोळ्या-भाजी-वरण-भात, रात्री पुन्हा तेच, असं पोटभर जेवूनही आकडा पन्नासच्या आसपास घुटमळतो. आपण कमी खात नाही, आपण प्रोटीन कमी खातो.

मांसाहारी घरात हे सोपं आहे. सकाळी तीन अंडी, एक भाकरी, कपभर दूध: २८ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, मटकीची घट्ट उसळ, मोठी वाटी दही: २१. संध्याकाळी मूठभर फुटाणे आणि ताक: १०. रात्री दीडशे ग्रॅम चिकन किंवा दोन बांगडे, भाकरी, भाजी, कोशिंबीर: ३८-४०. शंभर भरले. किनारपट्टीवरच्यांनी सुका बोंबील आणि जवळा विसरू नये, प्रोटीनच्या बाबतीत ते कुठल्याही डब्यातल्या पावडरीच्या तोडीचे आहेत, मात्र मीठ जास्त असतं म्हणून बीपीवाल्यांनी जपून.

शाकाहारी घरात थोडी आखणी लागते. सकाळी मुगाची दोन धिरडी, आत पन्नास ग्रॅम पनीर, बरोबर दूध: २९. दुपारी पोळ्या, उसळ, दही: २१. रात्री पन्नास ग्रॅम सोयाबीनच्या वड्यांची भाजी आणि भाकरी: ३२. संध्याकाळी व्हे प्रोटीनचा एक स्कूप घेतला तर २४, म्हणजे शंभरीच्या पार. व्हे हे दुधापासून काढलेलं प्रोटीन आहे, औषध नाही. घ्यायचंच असं नाही, आणि घेतलं म्हणून काही बिघडतही नाही. सोयाबीनच्या वड्या दिवसाला पन्नास ग्रॅम खाऊन पुरुषांचे हार्मोन्स बिघडत नाहीत, तेवढं निर्धास्त राहा.

शेंगदाण्यांबद्दल एक सांगायला हवं. ते प्रोटीनचे म्हणून मोजले जातात आणि शंभर ग्रॅममध्ये पंचवीस ग्रॅम असतंही, पण बरोबर ५६०-५७० कॅलरी येतात. आपल्याकडे भाजीत कूट, कोशिंबिरीत कूट, चटणीत कूट, आणि उपासाच्या खिचडीत तर विचारूच नका. चवीला जरूर घाला, पण प्रोटीनसाठी त्यांच्यावर विसंबू नका. उपासाच्या दिवशी दही, दूध, पनीर, राजगिरा हे आधी, साबुदाणा नंतर.

आता चरबी घटवण्याचा हिशेब. एक किलो चरबी म्हणजे सुमारे ७७०० कॅलरी. रोज ४००-५०० कॅलरी कमी खाल्ल्या की आठवड्याला साधारण अर्धा किलो उतरतो. यापेक्षा घाई केली की स्नायूही जायला लागतात, आणि आपण तर तेच बांधायला निघालोय.

या ४००-५०० कुठून काढायच्या? भाताला लगेच दोषी धरू नका. आधी तेलाचा डबा बघा. चार माणसांच्या घरात महिन्याला पाच लिटर तेल संपत असेल तर माणशी रोजचे अडतीस ग्रॅम झाले, म्हणजे जवळपास ३४० कॅलरी. तोच डबा तीन लिटरवर आणला तर माणशी सव्वाशे-दीडशे कॅलरी रोज कमी होतात, आणि ताटातली एकही पोळी कमी करावी लागत नाही. फोडणीला डब्यातून थेट ओतण्याऐवजी चमच्याने घाला, एवढंच. मग चहा: दिवसाला चार कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे चाळीस ग्रॅम साखर, १६० कॅलरी. चहाबरोबरची खारी आणि बिस्किटं वेगळीच. इतकं केल्यावरही कंबर हलली नाही, तर मग अर्धी वाटी भात किंवा एक पोळी कमी करा.

जे मुळात बारीक आहेत, त्यांनी हे काही करू नये. त्यांनी प्रोटीन तेवढंच ठेवून वर केळं-दूध, जास्तीचा भात, तूप घ्यावं आणि महिन्याला किलोभर वाढीवर समाधान मानावं. पैलवानाच्या थंडाई-तुपाच्या खुराकाची नक्कल मात्र कोणीच करू नये. तो खुराक पहाटे आणि संध्याकाळी तासन्‌तास मेहनत करणाऱ्याचा आहे, नऊ तास खुर्चीत बसणाऱ्याचा नाही.

झोप, चालणं आणि डब्यातली औषधं

सात तास झोप हवीच. ती कमी पडली की भूक वाढते आणि उतरलेल्या वजनात स्नायूंचा वाटा वाढतो. रोज सात-आठ हजार पावलं चाला, एकदम नाही जमलं तरी जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं. पोटाच्या क्रंचेस काढून पोटाचीच चरबी जात नाही. चरबी कुठून आधी काढायची हे शरीर ठरवतं, आणि पुरुषांत पोट बहुधा शेवटी उतरतं.

पावडरींमध्ये व्हेखेरीज एकाच गोष्टीला भक्कम आधार आहे: क्रिएटिन मोनोहायड्रेट (स्नायूंना जोराच्या कामात ऊर्जा पुरवायला मदत करणारं द्रव्य), रोज ३ ते ५ ग्रॅम. त्याने पहिल्या आठवड्यांत स्नायूंत पाणी साठून किलोभर वजन वाढू शकतं, घाबरू नका. चरबी जाळतात म्हणून विकले जाणारे फॅट बर्नर घेऊ नका. आणि जिममध्ये कोणी इंजेक्शन किंवा "कोर्स" सुचवला, तर ती जिम सोडा. स्टेरॉइडने हृदय, यकृत आणि प्रजननक्षमता यांची हानी होते, आणि विशीतल्या मुलांना हे कोणी सांगत नाही.

बारा आठवड्यांनंतर

वही उघडा. कंबर तीन-चार सेंटीमीटर उतरलीय, वजन फारसं हललेलं नाही आणि उचललेले किलो वाढलेत? हे उत्तम चाललंय, काहीही बदलू नका. वजन भराभर उतरतंय पण स्क्वॅटचे आकडे घसरतायत, तर खाणं फार तोडलंय. दोनशे कॅलरी परत घाला, त्याही व्यायामाच्या आधीच्या जेवणात. कंबर, वजन, आकडे तिन्ही तीन आठवडे जागच्या जागी असतील, तर सलग चार दिवस जे खाल ते सगळं लिहून काढा, ऑफिसातला वाढदिवसाचा केक आणि पोरांच्या ताटातलं उरलेलंही.

मग एक आठवडा निम्म्या सेटवर काढा, शरीराला जरा मोकळीक मिळू द्या. त्यानंतर गॉब्लेट स्क्वॅटचं डंबेल छातीशी धरवेनासं झालं असेल, तर बारबेलकडे वळा. जिममधला लांब बार रिकामाच २० किलोचा असतो. पहिले दोन दिवस त्यावर प्लेट चढवू नका, आणि रॅकचे (बार ठेवायच्या सांगाड्याचे) सेफ्टी पिन, म्हणजे बार सुटला तर अडवणाऱ्या आडव्या दांड्या, तुमच्या सर्वांत खालच्या बैठकीच्या जरासे खाली लावून घ्या.